सर्वानुमते

मतदान झालं की आमच्या सोसायटीत निकालाची वाट कुणी बघत नाही. सोळा फ्लॅटमधली, भाडेकरू वगळून, सगळी मतं एकीकडे पडतात, एक सोडून. ते एक माझं. हे सगळ्यांना माहीत आहे आणि त्याचा कुणाला राग नाही. "वहिनींचं मत यंदाही वाया," असं चेअरमन जिन्यात हसून म्हणतात, माझं दूध उतू गेल्यासारखं.

मी लग्न करून नगरला आले त्याला सत्तावीस वर्षं झाली. माहेर बेलापूरचं. वडील साखर कारखान्यात कामगार, युनियनचे, लाल झेंड्याचे. घरात देव होते, पण ते आईचे. वडिलांचा त्यांच्याशी संबंध प्रसादापुरता. जेवताना राजकारणावर भांडण व्हायचं आणि भांडण झालं नाही तर वडील विचारायचे, आज कुणी आजारी आहे का. सासरी आले तर इथे जेवताना कुणी बोलतच नव्हतं. मला वाटलं, बरं झालं, कटकट नाही. तेव्हा निवडणूक आली की रिक्षावरचा भोंगा वाजायचा आणि गेली की बंद व्हायचा. आता भोंगा प्रत्येकाच्या खिशात असतो.

सोसायटीचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. सकाळी सहाला त्यावर पहिला 'जय श्रीराम' पडतो, मग नऊपर्यंत रांग लागते. त्यामागून कुणा पुढाऱ्याचं भाषण, कुठल्यातरी गावात कुणीतरी काय केलं त्याचा व्हिडिओ, आणि त्या दोघांच्या मधे 'टाकी धुवायची असल्याने उद्या पाणी येणार नाही'. मी या सगळ्याला एकच उत्तर देते, जोडलेले हात. ते रामाला चालतात, पाण्याच्या टाकीला चालतात, कुणी गेलं तरी चालतात. एवढ्या एका चिन्हावर मी सहा वर्षं काढली आहेत.

शहराचं नाव बदललं तेव्हा सोसायटीचा नवा रबरी शिक्का मीच करून आणला. बोलताना मी पहिल्यापासून नुसतं 'नगर' म्हणते. सगळेच म्हणायचे; एसटी स्टँडवर कंडक्टर अजूनही 'नगर, नगर'च ओरडतो आणि त्याला कुणी काही विचारत नाही. मला मात्र विचारतात. "वहिनी, पूर्ण नाव घ्या की," असं चेअरमननी एकदा म्हटलं. मी म्हटलं, "पूर्ण नाव घ्यायला मला उखाणा घ्यायचाय का?" सगळे हसले. मीही हसले. अशा हसण्यावर बरंच काही निभावून नेता येतं, आणि तेच वाईट आहे.

मी एका मुलींच्या शाळेत हेडक्लार्क आहे. त्यामुळे सोसायटीचं सेक्रेटरीपद माझ्या गळ्यात पडलं. दर दोन महिन्यांनी रविवारी सकाळी पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून सभा होते आणि तिचं इतिवृत्त, म्हणजे काय विषय निघाले आणि काय ठरलं, ते मी वहीत लिहिते. असल्या लिखाणाला एक साचा असतो. 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले.' मग एकेक विषय. प्रत्येक विषयाखाली 'सर्वानुमते मंजूर', त्याखाली सूचक आणि अनुमोदक. शेवटी आयत्या वेळचे विषय, अध्यक्षांचे आभार, चहा. शाळेच्या सभांची इतिवृत्तं मी अशीच लिहीत आले. लिफ्टची दुरुस्ती सर्वानुमते, गच्चीवरचा झेंडा दर पाडव्याला बदलायचा तेही सर्वानुमते. कुणी विरोधात असलं तरी लोक घसा खाकरण्यापलीकडे काही करत नाहीत, आणि खाकरण्याची नोंद होत नाही.

चेअरमन पाथर्डीकडचे. प्लंबिंगच्या सामानाचं दुकान आहे आणि वॉर्डातलं पक्षाचं काम बघतात. माणूस वाईट नाही. वाईट असता तर माझं काम सोपं होतं. दोन वर्षांपूर्वी सासूबाई बाथरूममध्ये पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. लिफ्ट बंद, आम्ही तिसऱ्या मजल्यावर. चेअरमननी दोघांना हाक मारली आणि सासूबाईंना खुर्चीसकट उचलून खाली आणलं. स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेलं, ऑपरेशन होईपर्यंत बाहेर बसून राहिले. नवऱ्याचं इन्व्हर्टर-बॅटरीचं दुकान आहे, तिथे येणारी निम्मी गिऱ्हाइकं त्यांच्या ओळखीची. हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. दाखवलं असतं तर मी एखादं उत्तर तरी दिलं असतं.

ऑपरेशननंतर सासूबाई झोपून राहिल्या आणि पाठीला जखम झाली. ती जखम आमच्या खालच्या, दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या सिस्टरनी बरी करत आणली. त्या एका खाजगी दवाखान्यात नर्स आहेत. मुसलमान. नवरा एमआयडीसीत शिफ्टला, एक मुलगी. ड्यूटीवरून येताना आठवड्यातून तीनदा वर यायच्या, चप्पल बाहेर काढून, हात धुऊन, ड्रेसिंग करून जायच्या. चहा घ्यायच्या, बाकी काही घेतलं नाही. सासूबाईंचं राजकारण चेअरमनपेक्षा कडक आहे. त्या पालथ्या झोपून टीव्हीवरच्या चर्चेला दाद द्यायच्या आणि सिस्टर मागून जखम पुसायच्या.

"आई, हलू नका."

"अगं पण तो बघ काय बोलतोय, बरोबर बोलतोय का न्हाई?"

"बोलू द्या त्याला. त्याच्या पाठीला जखम नाही."

ही दोन वर्षं अशी गेली.

ऑक्टोबरमध्ये शहरात काहीतरी झालं. कुणी काय केलं याच्या मला तीन हकिगती ऐकायला मिळाल्या आणि तिन्ही सांगणारे तिथे हजर नव्हते. दोन दिवस बाजारपेठ बंद होती. त्याच्या पुढच्या रविवारी आमची सभा होती. सिस्टर ड्यूटीवर होत्या. तशाही भाडेकरूंना सभेला बोलावत नाहीत. पाण्याच्या मोटारीचा विषय झाला, पार्किंगचा झाला, आणि मग चेअरमन म्हणाले, "आता आयत्या वेळचा एक विषय हाय. लिहून घ्या वहिनी. यापुढं आपल्या सोसायटीत त्यांना भाड्यानं जागा द्यायची न्हाई. हायेत त्यांचं अॅग्रीमेंट संपलं की वाढवायचं न्हाई."

"त्यांना म्हणजे कुणाला?" मी विचारलं.

"आता हे बी सांगायचं व्हय?"

लोक हसले.

"मला कळून उपयोग नाही. कागदाला कळलं पाहिजे. आणि धर्माचं नाव घालून असा ठराव लिहिता येत नाही. उद्या कुणी सहकार खात्याच्या निबंधकांकडे नेला तर चेअरमन आणि सेक्रेटरी, दोघांना तिथे उभं राहावं लागेल."

मला वाटलं, विषय इथे पडला. खरंच वाटलं. मग तळमजल्यावरचे बँकेतून रिटायर झालेले काका म्हणाले, "मॅडम म्हणतात ते बरोबर आहे. विषय बरोबर आहे, शब्द चुकीचा आहे."

"मग तुमीच सांगा वहिनी, कसं लिहायचं. तुमचं तर रोजचं काम हाय."

आणि मी सांगितलं.

याचं कारण मी नंतर पुष्कळ शोधलं. भीती नव्हती, आणि त्यांना खूश करायचं म्हणूनही नव्हतं. शाळेत रोज माझ्यापुढे कुणाचा तरी मोडकातोडका मसुदा येतो आणि मी तो नीट करून देते. पंचवीस वर्षं तेच केलं. चुकीचा मसुदा दिसला की मजकूर काय आहे हे बघायच्या आधी मी वाक्य दुरुस्त करते. "फ्लॅट केवळ समविचारी कुटुंबांनाच द्यावेत," असं मी म्हणाले.

"समविचारी! वा!" काका म्हणाले. "याला कोर्टातही कुणी हात लावणार नाही."

चेअरमननी तो शब्द दोनदा उच्चारून बघितला. "बघा, याला म्हनतात शिक्षन."

माझ्या शेजारी आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या ताई बसल्या होत्या. मी त्यांना हळूच विचारलं, "म्हणजे सिस्टरना जायला लागणार का?"

"सिस्टर चांगल्या आहेत हो. त्यांच्याबद्दल कुणाचं काही म्हणणं नाही."

"मग राहू द्या म्हणा त्यांना."

"असं कसं? नियम म्हणजे नियम. पुढे कोण येईल सांगता येतं का?"

"पुढे कोण येईल म्हणून आत्ता आहेत त्यांना काढायचं?"

ताईंनी माझ्या मांडीवर हात ठेवला. "तुम्ही लिहा."

मी खाली बघून लिहीत राहिले. ठरावाला कुणाचा विरोध आहे का, असं चेअरमननी विचारलंही. ते नेहमी विचारतात. मी मान वर केली नाही. लिहिणाऱ्याला मत नसतं अशी माझी इतक्या वर्षांची सवय. चहा आला.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी कच्च्या टिपणावरून वहीत उतरवून काढलं. मोटारीखाली 'सर्वानुमते मंजूर', पार्किंगखाली 'सर्वानुमते मंजूर', आणि त्याच ओघात तिसऱ्याखालीही. माझ्या हाताने, माझ्या पेनाने. मला ते लिहिताना दिसलंसुद्धा नाही. चेअरमननी सही केली, मी सही केली, शिक्का मारला. चेअरमननी त्या पानाचा फोटो काढून ज्यांचे फ्लॅट भाड्याने आहेत त्या दोन मालकांना पाठवला.

सिस्टरच्या फ्लॅटचे मालक पुण्याला असतात. रिटायर इंजिनियर, सरळ माणूस. त्यांचा तीन दिवसांनी फोन आला.

"मॅडम, ठराव मिळाला. मला जरा आश्चर्य वाटलं."

"कशाचं?"

"सर्वानुमते म्हटलंय. म्हणजे तुम्हीपण. मी तर डिसेंबरला अॅग्रीमेंट वाढवणार होतो. त्यांची मुलगी दहावीला आहे, मार्चपर्यंत कुठे जातील ती माणसं? पण सगळी सोसायटीच म्हणते म्हटल्यावर मी एकटा काय करू? मला तिथे राहायचंही नाही. एखाद्यानं जरी विरोध केला असता ना, तरी मी म्हटलं असतं की तुमच्यातच एकमत नाही, मार्चपर्यंत थांबा."

कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या.

"ते चुकून लिहिलं गेलं," मी म्हणाले.

"चुकून?"

"सवयीनं. माझा विरोध होता."

"सभेत बोललात?"

"नाही."

"मग चुकून कसं म्हणता मॅडम? लिहिलंय ते बरोबरच आहे की."

त्यांनी हे रागाने म्हटलं नाही. इंजिनियर माणूस, जे दिसलं ते सांगितलं.

मी लगेच चेअरमनकडे गेले आणि म्हटलं, वहीत दुरुस्ती करायची आहे. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं. "सह्या झाल्या ना वहिनी. आता खाडाखोड केली तर तीच बेकायदा. तुमीच शिकवलंय आमाला. पुढच्या मीटिंगला इतिवृत्त वाचून कायम करायचं असतं, तवा मांडा की. आपली लोकशाही हाय." पुढची सभा डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी. अॅग्रीमेंट डिसेंबरअखेर संपणार.

नवऱ्याला सांगितलं तर तो आधी पेपर वाचत राहिला. मग म्हणाला, "तुला काय करायचंय मांडून? त्या मालकाची इच्छा असेल तर तो ठेवील."

"तो माझ्या शब्दावर अडकलाय."

"आणि आई पुन्हा पडली तर खाली कोण नेणार? तुझे लाल झेंडेवाले बेलापूरहून येणार?"

मी म्हटलं, "हा फ्लॅट विकू आणि दुसरीकडे जाऊ." तो हसला. "कुठं? असा एखादा वॉर्ड दाखव ज्यात असली सोसायटी नाही. तिथं जाऊ." मीही विचार केला. सावेडीत गेलो, केडगावला गेलो, तरी ग्रुप हाच, सकाळचे सहा हेच. सासूबाईंना जिना उतरवता येत नाही तिथे घर उतरवायचं म्हणजे बोलायची गोष्ट. माझी शाळा इथे, नवऱ्याचं दुकान इथे. गाव सोडून जायचा विचार हा ज्यांना जाता येतं त्यांनी करायचा.

सिस्टरना सांगणं राहिलं होतं. मालकांनी फ्लॅट सोडायला सांगितलंय एवढं त्यांना कळलं होतं, ठरावाचंही कळलं होतं. माझा शब्द, माझी चूक हे माहीत नव्हतं. पुढच्या ड्रेसिंगला आल्या तेव्हा मी सासूबाईंच्या खोलीचं दार लोटून त्यांना स्वयंपाकघरात सगळं सांगितलं. 'समविचारी' माझा शब्द, हेही. त्यांनी चहाचा कप ओट्यावर ठेवला.

"ताई, मी तर समजत होते तो शब्द त्या काकांचा असेल."

"माझा आहे."

"चांगला आहे. कुणालाच लागत नाही."

मी म्हटलं, मी पुढच्या सभेत उभी राहणार आहे, विरोध नोंदवणार आहे, मग तुमच्या मालकांना ते दाखवता येईल. आणि निबंधकांकडे तक्रारही करता येईल, असा ठराव टिकणार नाही.

"तक्रार करू नका." त्या एकदम बोलल्या. "माझं नाव कुठल्या कागदावर नको. तक्रार केली तर मार्चपर्यंत राहीनही. पण माझी पोरगी रोज त्याच जिन्यानं चढणार-उतरणार. क्लासवरून येते तेव्हा मी ड्यूटीवर असते. घर मिळेल ताई. परीक्षेचं वर्ष परत मिळणार नाही."

"पण मी बोलले नाही तर ते तसंच राहतं."

"तुमच्यासाठी बोलायचं असेल तर बोला. माझ्यासाठी बोललात तर मला जास्त त्रास होईल. माझं नाव न घेता बोलता येतं का बघा." मग उठता उठता म्हणाल्या, "आईंची जखम भरत आलीये. आता बीटाडिन कमी लावा."

डिसेंबरच्या सभेला थंडी होती, सगळे उन्हात खुर्च्या सरकवून बसले. मी नेहमीप्रमाणे मागच्या सभेचं इतिवृत्त वाचलं. तिसऱ्या ठरावापाशी आले आणि म्हटलं, "यात एक दुरुस्ती आहे. 'सर्वानुमते' हा शब्द चुकीचा आहे. माझा या ठरावाला विरोध आहे. 'बहुमताने' असं करून एक मत विरोधात, सेक्रेटरी, अशी नोंद घ्यावी."

माझा आवाज शाळेत फीची नोटीस वाचते तसा निघाला. बरं झालं.

कुणी ओरडलं नाही. मी तयारी केली होती ती ओरडण्याची. काका म्हणाले, "पण मॅडम, त्या दिवशी तुम्ही विरोध केला नव्हता. इतिवृत्तात जे झालं ते लिहायचं, जे मनात होतं ते नाही."

"बरोबर आहे काका. म्हणून आजच्या इतिवृत्तात लिहिते. आज विरोध केला."

"का पण?" समोरच्या ताई म्हणाल्या. "शब्द तर तुमचाच होता."

"शब्द माझा होता म्हणूनच. समविचारी कुटुंबांनाच जागा द्यायची तर मग मलाही काढा. मी तुमच्या विचाराची नाही हे तुम्हाला माहीत आहे."

चेअरमन मोठ्याने हसले. "अहो वहिनी, तुमी आमच्याच हाय. तुमचा विचार येगळा आसंल, तुमी येगळ्या न्हाई." सगळे हसले. मनापासून हसले, प्रेमाने हसले. कुणीतरी म्हणालं, "घरातली एक बाई वेगळ्या मताची पाहिजेच, नाहीतर भाजीला चव येत नाही." मागून कुणी विचारलं, "वहिनी, तुम्हाला काढलं तर हे सगळं लिहिणार कोण?"

मी शिव्यांना तयार होते, या हसण्याला नव्हते. सत्तावीस वर्षं मला वाटत होतं की मी या लोकांत लपून राहते. लपायची गरजच नव्हती. मी काहीही म्हटलं तरी ते मला आपलीच समजणार होते, कारण माझं आडनाव, माझं मंगळसूत्र, दाराला लावलेलं तोरण हे सगळं आधीच त्यांच्या बाजूने बोलत होतं. माझं मत त्यांना टोचतच नव्हतं. मला आत ठेवून घेणारं आणि सिस्टरना बाहेर काढणारं दार एकच होतं, आणि त्या दारातून मला बाहेर जाताही येत नव्हतं.

नोंद झाली. एक विरोधी, सेक्रेटरी. त्या पानाचा फोटो मी स्वतः पुण्याला पाठवला. संध्याकाळी मालकांचा फोन आला. आवाज ओशाळलेला.

"मॅडम, उशीर झाला हो. चेअरमन साहेबांनी एक कुटुंब आणून दिलं. त्यांच्याच नात्यातले आहेत. मी शब्द दिला. आता मागे कसा घेऊ?"

"मुलीची परीक्षा मार्चमध्ये आहे."

"मला कळतंय. पण मी एक तारखेचा शब्द दिलाय."

शब्द दिला म्हणजे दिला, हे सांगणारा माणूस मला खोटा वाटला नाही. मी फोन ठेवला.

सिस्टरना घर मिळालं, ओढ्यापलीकडच्या वस्तीत. मुलीच्या शाळेपासून पाच-सहा किलोमीटर. नवी मालकीण त्यांच्याच समाजातली, तिनेही चौकशी केली: जुनी जागा मधेच का सोडता, काही भांडण, काही पोलीस? तिला जुन्या सोसायटीचं पत्र हवं होतं. निघायच्या दिवशी दुपारी टेम्पोत सामान चढत असताना सिस्टर वर आल्या.

"ताई, पत्र लागेल. शिक्क्याचं."

"देते. ठरावाप्रमाणे जागा सोडली असं लिहिते. ठरावाची प्रतही जोडते. त्यात तुमचा काही दोष नाही हे दिसेल."

"नाही, नाही. ठराव नको." त्या घाईत होत्या, हातात चिकटपट्टीचं रीळ तसंच होतं. "ठराव वाचला की माणूस विचार करतो, एवढे सगळे लोक एका बाईला काढतात म्हणजे हिनं काहीतरी केलं असणार. आमचे लोकसुद्धा तोच विचार करतात. तुम्ही लिहा, स्वखुशीने जागा सोडली."

"स्वखुशीने?"

"हो. आणि वागणूक चांगली होती. एवढंच."

मी तिच्याकडे बघितलं. अहो-जाहोचा विसर पडला मला. म्हटलं, "अगं, हे खोटं आहे."

"मग? मला ते लागणार आहे."

मी सोसायटीचं लेटरहेड काढलं. दोन ओळींचं पत्र. या सोसायटीतील सदनिकेत दोन वर्षे वास्तव्यास होत्या, त्यांची वागणूक चांगली होती, त्यांनी सदर जागा स्वखुशीने सोडली आहे. वाक्य नीट जमलं, एकदाही खोडावं लागलं नाही. पत्रावर दोन सह्या लागतात, म्हणून मी ते घेऊन चेअरमनकडे गेले. ते जेवून नुकतेच आडवे झाले होते. उठून चष्मा शोधला, पत्र वाचलं, आणि सही करता करता म्हणाले, "बाई लई चांगली हुती, वहिनी. खरं सांगतो. आमच्या सूनबाईच्या डिलिव्हरीला दवाखान्यात सगळी सोय तिनंच बघितली. पण आता काय करनार." आणि पत्र माझ्या हातात देताना त्यांनी मान हलवली, जसं काही सिस्टरना सरकारी बदलीचा हुकूम आला होता.

मी खाली आले. टेम्पो भरून झाला होता. मुलगी ड्रायव्हरशेजारी बसून मांडीवर गणिताचं पुस्तक उघडून होती. समोरच्या ताई गॅलरीत उभ्या राहून हात हलवत होत्या. सिस्टरनी पत्र दोनदा वाचलं, घडी न घालता प्लास्टिकच्या फाईलमध्ये सरकवलं आणि फाईल मुलीकडे दिली. "हे सांभाळ," तिला म्हणाल्या. मला म्हणाल्या, "चालेल आता."

टेम्पो मागे घेताना गेटच्या एकाच उघड्या दारातून निघेना. वॉचमन जेवायला गेला होता. दुसऱ्या दाराची कडी गंजलेली आहे, ती पायाने उचलावी लागते. मी ती उचलली आणि टेम्पो बाहेर पडेपर्यंत गेट धरून उभी राहिले.